दहावा इलेक्ट्रॉन

पांढरकवड्याहून झरी जामणीकडे किंवा घाटंजीकडे जाताना शाळा सुटायची वेळ साधली, की रस्त्याच्या कडेने मुलांचे घोळके भेटतात. मुलं हसतात आणि काहींच्या दातांवर आडव्या रेघा दिसतात. कुणाच्या खडूसारख्या पांढऱ्या, कुणाच्या पिवळ्या, कुणाच्या गर्द तपकिरी. या रेघा खर्ऱ्याच्या नाहीत, मिसरीच्या नाहीत, दात न घासल्याच्याही नाहीत. कितीही घासलं तरी त्या जात नाहीत, कारण दात हिरडीखाली घडत होता तेव्हाच त्या त्याच्या अंगात उतरल्या आहेत.

त्या उमटवणाऱ्या कणाचं नाव फ्लोराइड आयन. फ्लोरीनच्या अणूत नऊ प्रोटॉन आणि नऊ इलेक्ट्रॉन असतात. फ्लोराइड आयनात प्रोटॉन नऊच, इलेक्ट्रॉन मात्र दहा. फरक म्हणाल तर एवढाच. पण नऊ इलेक्ट्रॉनांचा फ्लोरीन हा फिकट पिवळा वायू ज्याला भिडेल त्याला जाळतो; पाणीदेखील त्याच्यापुढे टिकत नाही. आणि दहा इलेक्ट्रॉनांचा फ्लोराइड त्याच पाण्यात निमूट विरघळून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पेल्यातून तो कुणाच्याही पोटात जातो.

अणूने इलेक्ट्रॉन दिला की धन आयन, घेतला की ऋण आयन. शाळेत हे आपण एका वाक्यात शिकतो, त्याचे गुण मिळवतो आणि पुढचं पान उलटतो. त्या वाक्यापर्यंत पोचायला माणसाला ऐंशीहून अधिक वर्षं लागली. आणि ते वाक्य यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या गावांत, कोलाम आदिवासींच्या पोडांवर म्हणजे वस्त्यांवर, माणसांच्या हाडांपर्यंत पोचलं आहे हे उमगायला जवळपास आणखी तेवढीच. हा त्या दहाव्या इलेक्ट्रॉनचा इतिहास आहे.

नाव आधी, अर्थ मागाहून

१८३४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅराडे एका अडचणीत होता. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता विज्ञान शिकला होता. क्षारांच्या द्रावणात दोन धातूच्या पट्ट्या बुडवून त्यातून वीज सोडली, की एका पट्टीकडे एक पदार्थ जमतो, दुसरीकडे दुसरा. किती वीज सोडली की किती पदार्थ जमतो याचा नियम त्याने बांधला होता. पण पट्ट्यांना काय म्हणावं, त्यांच्याकडे जाणाऱ्या त्या कशालातरी काय म्हणावं, याला शब्दच नव्हते. त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्युएल या विद्वानाला पत्र लिहिलं. ह्युएलला ग्रीक उत्तम येत होतं. त्या पत्रव्यवहारातून अॅनोड, कॅथोड, अॅनायन, कॅटायन हे शब्द ठरले, आणि त्या सगळ्यांच्या पोटातला शब्द ठरला आयन.

ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'जाणारा'. मराठी वाचकाला हा शब्द परका वाटायचं कारण नाही. 'उत्तरायण', 'दक्षिणायन' यांतलं 'अयन' म्हणजेही जाणंच. संस्कृतातला तो धातू आणि ग्रीकमधला हा धातू एकाच मुळातून फुटलेले आहेत. संक्रांतीला आपण ज्या शब्दाने सूर्याचं जाणं सांगतो, त्याच्याच भावंडाने विज्ञानाने या कणांचं जाणं सांगितलं.

जाणारा कोण, हे मात्र फॅराडेलाही सांगता येत नव्हतं. वीज सोडली की ती पदार्थाला फोडते आणि तुकडे दोन दिशांना जातात, अशी तेव्हाची समजूत होती. ती पन्नास वर्षं टिकली.

१८८४ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात स्वांटे अऱ्हेनिअस या पंचविशीच्या तरुणाने आपला प्रबंध मांडला. क्षारांच्या द्रावणातून वीज कशी वाहते हे त्यात मोजलं होतं. त्या विचारातून तीन वर्षांत, १८८७ मध्ये, पुरता सिद्धांत उभा राहिला: मीठ पाण्यात विरघळलं की ते आयनांत सुटतं, वीज सोडा किंवा सोडू नका. वीज फक्त त्यांना दिशा देते.

प्रबंध तपासणाऱ्यांना ही दिशाच पटली नाही. प्रबंधाला अगदी खालची श्रेणी मिळाली. रसायनशास्त्रज्ञांची शंकाही रास्त होती. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला की तो तडतडत पेट घेतो. क्लोरीन हा गुदमरवणारा विषारी वायू. मग मिठाच्या पाण्यात सोडियम आणि क्लोरीन सुटे फिरत असतील, तर ते पाणी पेटत का नाही, ते पिऊन माणूस मरत का नाही? अऱ्हेनिअसचं उत्तर असं होतं की तिथे सोडियम आणि क्लोरीन नाहीतच. प्रभार घेतलेले सोडियम आणि क्लोरीन आहेत, आणि प्रभार घेतला की पदार्थाचा स्वभावच बदलतो. प्रभार म्हणजे नेमकं काय घेतलं किंवा दिलं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं, कारण इलेक्ट्रॉन अजून कुणाला सापडलेला नव्हता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड मात्र प्रबंध वाचून त्याला भेटायला उप्सालात आला, त्याच्या बाजूने उभा राहिला. १९०३ साली याच विचारासाठी अऱ्हेनिअसला नोबेल पारितोषिक मिळालं.

इलेक्ट्रॉन परत मागणारा माणूस

उप्सालात हा वाद चालला असताना पॅरिसमध्ये आंरी म्वासां एका वेगळ्याच कामात गुंतला होता. फ्लोरीन हे मूलद्रव्य असणार, हे १८१२ पासून सगळ्यांना माहीत होतं. त्याचं नावही आंपेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने हम्फ्री डेव्हीला सुचवून ठेवलं होतं. पण ते कुणाला सुटं करता येत नव्हतं. डेव्हीला या खटपटीत इजा झाली. आयर्लंडच्या नॉक्स बंधूंना विषबाधा झाली. ब्रसेल्सचा लुये आणि नान्सीचा निकलेस यांचे तर प्राण गेले.

२६ जून १८८६ रोजी म्वासांला यश आलं. प्लॅटिनमच्या वाकड्या नळीत त्याने पोटॅशियम फ्लोराइड मिसळलेलं निर्जल हायड्रोफ्लोरिक आम्ल घेतलं, ते शून्याच्या खूप खाली थंड केलं आणि त्यातून वीज सोडली. अॅनोडपाशी वायू जमला. त्यात सिलिकॉनचा स्फटिक धरताच तो पेटला. तोच फ्लोरीन.

नळीची तोंडं त्याने बंद केली होती फ्लोराइट या खनिजाच्या बुचांनी. दुसरं काही टिकणारच नव्हतं. फ्लोराइट टिकतं, कारण त्यातल्या फ्लोरीनला त्याचा दहावा इलेक्ट्रॉन आधीच मिळालेला असतो. त्याची भूक भागलेली असते. म्हणजे म्वासांने नळीत जे केलं ते निसर्गाच्या उलट होतं. जगातला फ्लोरीन दगडात, मातीत, पाण्यात, दातांत, सगळीकडे दहा इलेक्ट्रॉन घेऊन शांत बसलेला. त्याच्याकडून तो दहावा परत काढून घ्यायला माणसाला सात दशकं आणि काही जीव मोजावे लागले. फ्लोरीनच्या बाबतीत माणसाच्या सहवासात आयन पहिल्यापासून होता. अणू त्याने नंतर पाहिला.

तेव्हा आपला हा जिल्हा वऱ्हाडातला वणी जिल्हा म्हणून ओळखला जात होता. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळालं. म्वासांच्या बुचांत जो आयन होता, तोच वणी-केळापूरच्या खडकातही होता. लोक विहिरीचं, नाल्याचं, झिऱ्याचं पाणी पीत होते आणि तो खाली आपल्या जागी होता.

देणंघेणं

१८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला. १९११ मध्ये रदरफर्डने अणूचं केंद्रक दाखवलं, १९१३ मध्ये नील्स बोरने त्याभोवतीची कवचं मांडली. मग १९१६ मध्ये दोन माणसांनी, म्युनिकमध्ये व्हाल्थर कोसेलने आणि अमेरिकेत गिल्बर्ट लुइसने, एकमेकांपासून दूर बसून एकच गोष्ट पाहिली. निऑन, अरगॉन हे वायू कुणाशीच संयोग करत नाहीत, आणि त्यांच्या बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन आहेत. इतर अणू आयन होतात तेव्हा बहुधा त्याच आठांवर येऊन थांबतात.

फ्लोरीनच्या आतल्या कवचात दोन, बाहेरच्या कवचात सात. एक आला की आठ. कॅल्शियमची मांडणी दोन, आठ, आठ, दोन. शेवटचे दोन गेले की उरतात ते आठ. एक कॅल्शियम दोन इलेक्ट्रॉन देतो, दोन फ्लोरीन एकेक घेतात, आणि तयार होतं तेच फ्लोराइट.

'अणूला अष्टक पूर्ण करायची ओढ असते' असं वर्गात सांगितलं जातं. लक्षात ठेवायला ते बरं आहे, पण अणूला ओढ नसते. तिथे ऊर्जेचा हिशेब असतो, आणि तो पाहण्यासारखा आहे. एक मोल कॅल्शियम घेऊ, म्हणजे ६०२ वर २१ शून्यं इतके अणू. त्यातला पहिला इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ५९० किलोज्यूल लागतात, दुसरा काढायला सुमारे १,१४५. खर्च झाला १,७३५. फ्लोरीनच्या दोन मोल अणूंनी ते इलेक्ट्रॉन घेतले की प्रत्येकी सुमारे ३२८ किलोज्यूल परत मिळतात, म्हणजे ६५६. अजून हजारावर किलोज्यूल तोटाच आहे. एवढ्यावर थांबलं तर आयन होणं कुणालाच परवडत नाही. पण विरुद्ध प्रभारांचे ते आयन एकमेकांना खेचून स्फटिकाच्या जाळीत बसतात, तेव्हा सुमारे २,६०० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तोटा भरून निघतो आणि वर मोठी शिल्लक उरते. आणि कॅल्शियमकडे तिसरा इलेक्ट्रॉन मागायला गेलं तर? त्याला सुमारे ४,९०० किलोज्यूल लागतील. तो कुठूनच फिटत नाही. म्हणून कॅल्शियम दोनावर थांबतो.

आयन एकटा तयार होत नाही, एवढं या हिशेबातून कळतं. देणारा, घेणारा आणि दोघांना सामावून घेणारी जाळी, अशा तिघांत मिळून तो व्यवहार होतो. जाळीच्या जागी पाणीही चालतं. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण. ते रेणू आयनाभोवती गराडा घालतात आणि त्याला दगडातून सोडवून घेऊन जातात. यवतमाळच्या भूगर्भात लाखो वर्षं हेच चाललं आहे.

खडक आणि पाणी

यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या बेसॉल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचले, ते थिजून दख्खनचं पठार झालं, आणि त्याच्या झिजेतून आपली कापसाची काळी जमीन तयार झाली. पण वणी, मारेगाव, झरी जामणी, केळापूर या बाजूला खडकांची जात बदलते. इथे पैनगंगेचं नाव मिळालेला चुनखडक आणि शेल सापडतो, बेसॉल्टच्या कितीतरी पट जुना. वणीजवळच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या पेटल्या त्या याच चुनखडकावर. त्याच्याही खाली पृथ्वीच्या अगदी जुन्या कवचाचे खडक आहेत.

या खडकांत अभ्रक, हॉर्नब्लेंड, अॅपेटाइट, फ्लोराइट अशी खनिजं असतात आणि त्यांच्या जाळीत फ्लोराइड आयन बसलेले असतात. भूजल अल्कधर्मी असलं, की त्यात हायड्रॉक्साइड आयन जास्त असतात. हायड्रॉक्साइड आणि फ्लोराइड दोघांवर एकेक ऋण प्रभार, आणि आकारही जवळजवळ सारखा. त्यामुळे हायड्रॉक्साइड खनिजात शिरतो आणि फ्लोराइडची जागा घेतो. फ्लोराइड पाण्यात येतो.

तो किती येईल, हे कॅल्शियम ठरवतो. शुद्ध पाण्याच्या एका लिटरमध्ये फ्लोराइट जेमतेम १६ मिलिग्रॅम विरघळतं. पाण्यात आधीच भरपूर कॅल्शियम असेल तर फ्लोराइड फार वाढू शकत नाही. जास्तीचा फ्लोराइड कॅल्शियमला धरून पुन्हा तळाशी बसतो. कॅल्शियम एक चतुर्थांशावर आला, तर मात्र पाणी दुप्पट फ्लोराइड पेलू शकतं. खोल खडकात वर्षानुवर्षं अडकलेल्या पाण्यात नेमकं हेच होतं. तिथे कॅल्शियम चुन्याच्या रूपाने साक्याला बसतो, किंवा चिकणमाती त्याला धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. असं पाणी भांड्याला खर धरत नाही, साबणाला फेस देतं, जिभेला मऊ लागतं. आणि त्यातच फ्लोराइडला मोकळीक मिळालेली असते.

उथळ विहिरीचं पाणी बहुधा असं नसतं. ते गेल्या पावसाळ्याचं असतं. त्याला खडकाच्या सहवासात मुरायला वेळच मिळालेला नसतो.

बोअरचं युग

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या आठवणीत सुकडीच्या वासासह राहिला आहे. विहिरी आटल्या, आणि पाणी आणखी खाली शोधावं लागलं. त्या दशकात गावोगावी खडक फोडणारी यंत्रं आली. युनिसेफ आणि सरकार यांनी मिळून देशभर बोअर घेण्याचा धडाका लावला. त्यांवर बसवायचे ओतीव लोखंडाचे जुने पंप दिवसभराच्या उपशाने मोडून पडत. जालन्यात मिशनच्या मंडळींनी एक टिकाऊ पंप बनवला, सोलापुरात तो सुधारला गेला, आणि त्या सोलापूर पंपावरून दशकाच्या अखेरीस 'इंडिया मार्क टू' हा हातपंप तयार झाला. आज देशाच्या कुठल्याही खेड्यात दिसणारा तो लांब दांड्याचा पंप मुळात आपल्या महाराष्ट्रातल्या दोन गावांचं देणं आहे.

त्या पंपाने माणसं वाचवली, हे आधी आणि स्पष्ट सांगायला हवं. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून भरलेलं पाणी पिऊन नारू होत असे. उघड्या पाण्यातून पटकी, हगवण पसरत असे. बंद नळकांड्यातून येणाऱ्या खोल पाण्यात हे रोग नव्हते. नारू तर २००० साली देशातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. कोसावरून घागरी आणणाऱ्या बाईच्या दारात पाणी आलं. त्या काळी पाण्याचा शत्रू म्हणजे जंतू, आणि त्याच्यावर माणसाने विजय मिळवला होता.

पण बोअरने दोन-दोनशे फुटांखालच्या त्या जुन्या पाण्याला वर यायची वाट करून दिली. त्या पाण्यातला प्रवासी जंतू नव्हता, आयन होता.

त्याची ओळख जगाला तोवर पटलेली होती. १९०१ पासून फ्रेडरिक मॅके हा दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या लोकांचे तपकिरी दात पाहून कारण शोधत होता. १९३१ मध्ये अॅल्युमिनियम कंपनीतल्या एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने ते पाण्यात पकडलं: फ्लोराइड. आपल्या देशात १९३७ साली मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात एच. ई. शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठीचे कणे ताठ झालेली, वाकता न येणारी माणसं पाहिली आणि दोष पाण्यातल्या फ्लोराइडचा असल्याचं दाखवलं. पुढची तपासणी करणाऱ्यांत चिंतामण गोविंद पंडित होते, जे नंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. म्हणजे यवतमाळच्या गावांत हातपंप उभे राहिले, त्याच्या साडेतीन दशकं आधी आपल्याच देशात हे लिहून ठेवलेलं होतं. लिहिलेलं ज्ञान आणि खणलेली बोअर यांची गाठ वेळेत पडली नाही.

पांढरकवडा परिसरातल्या भूजलाचा अभ्यास २००७ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. या परिसरात काही ठिकाणी तो आकडा १३ च्या पुढे होता. त्याचं मूळ खडकात असल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं.

शरीराची फसगत

दात आणि हाडं कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्साइड आयनांच्या जाळीने घडतात. खडकात जे घडलं तेच इथे उलट दिशेने घडतं. तिथे हायड्रॉक्साइडने फ्लोराइडला उठवलं होतं. इथे फ्लोराइड हायड्रॉक्साइडच्या जागी येऊन बसतो. तोच प्रभार, जवळजवळ तोच आकार. शरीराला फरक कळत नाही.

थोड्या प्रमाणात हे उपकारक आहे. दाताचं कवच किडीला दाद देत नाही. प्रमाण वाढलं की साधारण आठव्या वर्षापर्यंत घडणाऱ्या कायमच्या दातांवर रेघा उमटतात. वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर हाडं जाड होतात, सांधे आखडतात, स्नायूंना हाडाशी बांधणारे तंतू चुन्याने ताठ होतात. माणसाला मान वळवता येत नाही, खाली बसता येत नाही. जे झालं ते परत फिरवणारं औषध नाही.

आणि हे ओझं सगळ्यांवर सारखं पडत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात राबणारा मजूर सावलीतल्या माणसाच्या कितीतरी पट पाणी पितो, म्हणून कितीतरी पट फ्लोराइडही. ज्याच्या ताटात दूध-दही नाही त्याच्या अंगात फ्लोराइडला अडवणारा कॅल्शियम कमी. पोडावरच्या कोलाम कुटुंबाला हातपंपाशिवाय दुसरा स्रोत नसतो, आणि भाकरीचं पीठ, तुरीचं वरण, चहा, सगळं त्याच पाण्याचं. ज्याला निवड नाही त्याच्याच हाडात हा आयन साठतो, याची खंत वाटल्याशिवाय हा इतिहास लिहिता येत नाही.

पाणी उकळून प्या, हा आपल्या आया-आज्यांना आरोग्यसेविकांनी शिकवलेला धडा. जंतूंसाठी तो शंभर टक्के खरा. आयनाला मात्र उकळून मारता येत नाही, कारण तो जिवंतच नसतो. उकळल्याने पाणी आटतं आणि उरलेल्यात फ्लोराइड दाट होतो. गाळण्याच्या फडक्यातून तो जातो, क्लोरीनच्या थेंबांना तो जुमानत नाही. त्याला धरायचं तर दुसरा आयनच लागतो.

आयनाला आयन

हा विचार प्रत्यक्षात आणला तो आपल्याच विदर्भाने. नागपूरची नीरी ही संस्था १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन झाली. नीरी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. तिथल्या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात एक साधी रीत बसवली आणि फ्लोराइडने गांजलेल्या जिल्ह्यावरून तिला 'नलगोंडा तंत्र' नाव पडलं. पाण्यात चुना, ब्लीचिंग पावडर आणि तुरटी टाकायची, ढवळायचं, निवळू द्यायचं. तुरटीतला अॅल्युमिनियम तीन धन प्रभारांचा आयन आहे. चुन्याच्या साथीने त्याचे कापसासारखे पुंजके होतात आणि खाली बसता बसता फ्लोराइडला कवेत घेतात. घरातल्या बादलीत हे करता येतं. अडचण सातत्याची आहे: प्रत्येक पाण्याला तुरटीचं माप वेगळं, तळाचा गाळ नीट टाकावा लागतो, आणि तुरटी संपली की सगळं थांबतं.

पुढे नीरीने शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला सूर्याच्या विजेवर चालणारं संयंत्र उभारलं. त्यात तुरटी लागत नाही. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या पाण्यात असतात आणि त्यांतून वीज सोडतात. अॅनोडवरचा अॅल्युमिनियमचा प्रत्येक अणू तीन इलेक्ट्रॉन देतो, आयन होऊन पाण्यात उतरतो आणि फ्लोराइडला गाठतो. फॅराडेने ज्या पट्ट्यांना १८३४ मध्ये नाव शोधलं, त्याच या पट्ट्या. ज्या रीतीने म्वासांने फ्लोराइडचा दहावा इलेक्ट्रॉन हिसकावला, त्याच रीतीने इथे फ्लोराइडला हात न लावता त्याच्यासाठी दुसरा जोडीदार घडवला जातो. विदर्भाच्या ज्या उन्हाने मजुराला जास्त पाणी प्यायला लावलं, तेच ऊन ते पाणी शुद्ध करतं.

पण संयंत्र असो, नदीवरून आणलेली नळयोजना असो की पावसाच्या पाण्याने भरलेली जुनी विहीर असो, कुठल्याही उपायाआधी आपल्या पाण्यात काय आहे हे गावाला ठाऊक हवं. पिण्यायोग्य नसलेल्या हातपंपाला लाल रंग लावतात. तो रंग उन्हापावसाने उडतो. शाळेत शिकलेली गोष्ट उडत नाही.

म्हणून एक तास मनात येतो. झरी जामणीच्या किंवा केळापूरच्या एखाद्या शाळेतला. फळ्यावर दोन वर्तुळं, एकात सात ठिपके, दुसऱ्यात आठ. टेबलावर काचेच्या दोन नळ्या: एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत अंगणातल्या हातपंपाचं. फ्लोराइड तपासणीच्या संचात झिर्कोनियम आणि अलिझरीन यांचं लालसर द्रव असतं. ते थेंब थेंब टाकायचं. फ्लोराइड नसेल तर रंग लालसर राहतो. असेल तर तो झिर्कोनियमच्या आयनाला अलिझरीनकडून ओढून घेतो आणि लाली उतरून पाणी पिवळं पडतं.

जो डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही, जिभेला लागत नाही, तो दहाव्या इलेक्ट्रॉनवाला आयन त्या नळीत मुलांना पहिल्यांदा दिसेल. मग त्यांतलं एखादं मूल फळ्याकडे पाहील, नळीकडे पाहील आणि घरी जाऊन आईला सांगेल, धाकट्या भावाला या पंपाचं पाणी देऊ नकोस. त्याचे कायमचे दात अजून यायचे आहेत.